घरात जुनं लघुव्यक्तिचित्र सापडलं तर: ओळख, फ्रेम, कायदा आणि ठाण्याचा पावसाळा

नौपाड्यात, चरईत, पाचपाखाडीत जुन्या इमारती रिडेव्हलपमेंटला जाऊ लागल्या की माळे रिकामे होतात. पितळेची भांडी मोडीत जातात, पुस्तकं रद्दीत जातात आणि एखाद्या ट्रंकेच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेलं तळहाताएवढं चित्र निघतं. कधी पगडीतले कुणी सरदार, कधी नथ घातलेली बाई, कधी लाल कोटातला गोरा साहेब. वर काच, भोवती पितळी किंवा काळी चौकट. माझं फ्रेमिंगचं दुकान ठाण्यात आहे, त्यामुळे अशी चित्रं सोनाराकडे किंवा म्युझियमकडे जाण्याआधी बहुधा माझ्या काउंटरवर येतात. "बाळा, काच तेवढी बदल आणि फ्रेम जरा चकचकीत करून दे," असं काकू सांगतात. त्यांना आधी नाही म्हणणं आणि मग का नाही ते समजावणं, हे माझं पहिलं काम.

कारण अशा वस्तूत चित्र, काच, चौकट आणि पाठ हे चार भाग मिळून एकच ऐवज असतो. चौकट घाईने उघडली की चित्राचं वय सांगणारा पुरावा जातो, आणि जुलैतली आपली हवा थेट रंगावर बसते. म्हणून खाली सांगितलेल्यापैकी बरंचसं काम बाहेरून पाहण्याचं आहे. स्क्रूड्रायव्हर शेवटी, तोही प्रत्येक वेळी लागत नाही.

पहिल्या दिवशी एवढंच

टेबलावर जाड, धुतलेला टॉवेल पसरा. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढा. हात धुऊन कोरडे करा. चित्र वरच्या कडीला धरून उचलू नका. जुन्या कड्यांचा जोड सैल झालेला असतो आणि फरशीवर पडलं तर काच आणि चित्र दोन्ही एकदमच जातात. चौकटीच्या दोन्ही बाजूंना धरा.

मग फोटो काढा: समोरून, मागून, चारही कडांचे, शेजारी मोजपट्टी ठेवून. एक फोटो खोली अंधारी करून, टॉर्च बाजूने तिरपी मारून काढा. रंगाचे पोपडे उठलेत का, पृष्ठभाग वाकलाय का हे या तिरप्या उजेडात दिसतं, समोरच्या उजेडात दिसत नाही. मागे चिकटवलेलं लेबल, पेन्सिलीतलं नाव, किंमत, दुकानाचा शिक्का यांचे वेगळे जवळचे फोटो हवेत. ज्या वर्तमानपत्रात ते गुंडाळलं होतं तेही टाकू नका, त्यावर तारीख असते. घरातल्या वडीलधाऱ्यांना चित्र कुणाचं, कुणाकडून आलं हे विचारा आणि सांगतात तसं वहीत उतरवा. आत्याचं आणि काकांचं सांगणं जुळलं नाही तरी दोन्ही लिहा. चित्राच्या पाठीवर मात्र बॉलपेनने काहीही लिहू नका.

पुसायचं नाही. ओल्या फडक्याने नाही, काच पुसायच्या स्प्रेने तर मुळीच नाही. बहुतेक लघुचित्रं डिंकात खललेल्या पाण्याच्या रंगांनी रंगवलेली असतात. ते रंग शंभर-दोनशे वर्षांनीही पाण्यात विरघळतात. काचेवर मारलेला फवारा कडेच्या फटीतून आत ओघळतो आणि गालाचा रंग घेऊन खाली उतरतो. धूळ असेल तर मऊ, कोरड्या ब्रशने काचेच्या मधून कडेकडे झटका. चिंच, लिंबू, राख, पॉलिश लावून पितळ लखलखीत करण्याची आपली सवय देवघरापुरती ठेवावी.

भिंगाखाली: छापील, फोटो की रंगवलेलं?

सराफ वापरतात ते दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. महाग नसतं. चेहऱ्यावर, विशेषतः डोळ्याच्या कोपऱ्यावर आणि गालावर धरा.

ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली, त्यात निळे-गुलाबी-पिवळे ठिपके फुलासारखे जमलेले असले, तर ते छापील चित्र आहे. प्रश्न तिथेच मिटला. चेहरा राखाडी, गुळगुळीत, एकही फटकारा नसलेला आणि कपडे-दागिने मात्र ब्रशने रंगवलेले दिसले, तर तो रंगवलेला फोटो असण्याची शक्यता मोठी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आपल्याकडे फोटोवर रंग चढवण्याची चाल जोरात होती आणि मराठी घरांत "पेशवाईतलं चित्र" म्हणून जपलेल्या कितीतरी वस्तू खरं तर अशा निघतात. मी त्यांना कमी लेखत नाही. पणजोबांचा रंगवलेला फोटो घराला कुणा अनोळखी साहेबाच्या चित्रापेक्षा जवळचा असतो. फक्त त्याची निगा वेगळी आणि किंमतही वेगळी.

सुईच्या टोकाएवढे बारीक ठिपके किंवा एकमेकांना छेदणाऱ्या केसाएवढ्या रेघा, आणि त्या कुठेच यंत्रासारख्या एकसारख्या नाहीत, असं दिसलं तर हाताचं काम समजा. आता प्रश्न, ते कशावर रंगवलंय.

कागद असेल तर भारतीय लघुचित्रात तो बहुधा वसली असतो: कागदाचे अनेक थर खळीने चिकटवून अकीकाच्या दगडाने घोटलेला. रंग अपारदर्शक असतात, आणि कडेला रंगीत किंवा सोनेरी हाशिया.

हस्तिदंत असेल तर पापुद्र्याएवढा पातळ तुकडा असतो. त्यावर रंग इतके पातळ लावलेले असतात की त्वचेतून आतला पांढरेपणा उजळतो. काही युरोपीय चित्रकार चेहऱ्यामागे चांदीचा वर्खही ठेवत. तिरप्या उजेडात चित्राच्या मोकळ्या भागात फिकट, किंचित नागमोडी, समांतर रेघा दिसतात. त्याच रेघा अगदी आखल्यासारख्या सरळ आणि सारख्या अंतरावर असतील, तर ते सेल्युलॉइड, म्हणजे हस्तिदंतासारखं दिसणारं जुन्या काळचं प्लास्टिक. हाडावर काळपट बारीक छिद्रं आणि तुटक रेघा दिसतात. राजस्थानात पर्यटकांसाठी उंटाच्या हाडावर आजही राजे-राण्या रंगवल्या जातात, त्यामुळे हाड दिसलं की वयाबद्दल सावध व्हा. ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च असेल तर अंधारात क्षणभर मारून पाहा. हस्तिदंत निळसर-पांढरं चमकतं, सेल्युलॉइड सहसा मंद किंवा पिवळट दिसतं. एवढ्यावर निकाल देऊ नये, पण दिशा कळते. तापवलेली सुई टोचण्याची "खात्रीची" परीक्षा बाजारात अजून सांगतात. ती करू नका. खरं असेल तर कायमचा डाग पडतो आणि सेल्युलॉइड असेल तर ते भडकन पेटतं.

अभ्रकावरची चित्रं पाटणा, मुर्शिदाबाद आणि तिरुचिरापल्लीकडून येत. ती पारदर्शक असतात, पापुद्रे सुटतात, म्हणून वाकवू नयेत. तांब्यावरच्या मीनाकामाची चकाकी काचेसारखी असते आणि रंग कधी फिका पडत नाही.

एक जात मात्र जरा थांबून ओळखावी. काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेली चित्रं अठराव्या शतकात चीनकडून पश्चिम भारतात आली आणि मराठी दरबारी घरांत रुजली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तशी पाहायला मिळतात. तिथे काच हे संरक्षण नसतं, काच हेच चित्र असतं. "काच बदलून द्या" म्हणणाऱ्या माणसाने आधी हे तपासलंच पाहिजे. काचेला तिरपं पाहिल्यावर चित्र आणि काच यांच्यात अजिबात अंतर वाटलं नाही, आणि मागे रंगाचे पापुद्रे सुटून तिथून पाठ दिसत असली, तर हात मागे घ्या.

थोडा इतिहास, ओळखीला उपयोगी पडेल एवढाच

युरोपात सोळाव्या शतकात अशी चित्रं वासराच्या कातड्यावर, मागे पत्त्यांतलं पान चिकटवून काढत. इंग्रज राजदूत टॉमस रो याने १६१६ मध्ये असं एक चित्र जहांगीराला दाखवलं. बादशहाच्या चित्रकाराने त्याच्या इतक्या हुबेहूब नकला केल्या की दिव्याच्या उजेडात आपलं मूळ कोणतं हे सांगताना रोची तारांबळ उडाली. म्हणजे आपल्याकडच्या नकलेच्या हातोटीला चारशे वर्षांची परंपरा आहे, हे विकत घेताना लक्षात असू द्या.

हस्तिदंतावर रंगवण्याची रीत व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएरा या चित्रकर्तीने १७०० च्या सुमारास रुळवली. म्हणून "हस्तिदंतावरचं सोळाव्या शतकातलं इंग्रजी चित्र" असं कुणी म्हणालं तर पुढे ऐकायची गरज नाही. कंपनीच्या काळात इंग्रज चित्रकार इथे आले. जॉन स्मार्ट १७८५ ते १७९५ मद्रासेत होता, आणि त्या काळातल्या त्याच्या सहीत जे. एस., साल आणि भारतासाठी आय हे अक्षर असतं. त्यांचं पाहून दिल्लीच्या चित्रकारांनी हस्तिदंत हातात घेतलं. एकोणिसाव्या शतकात त्यांनी मोगल बादशहा, बेगमा आणि ताजमहाल यांच्या चित्रांचा मोठा धंदा केला, पुढे पुढे तर फोटोवरून नकलून. आपल्या घरांत सापडणाऱ्या हस्तिदंती चित्रांत हीच जास्त. "मुमताज" म्हणून मिरवणारी बाई बहुधा कल्पनेतली असते.

आणि नाना फडणवीस निघाले तर? नानांना आणि सवाई माधवरावांना समोर बसवून चित्रं काढणारा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९५ मध्ये साष्टीत, म्हणजे आपल्याच बेटावर, वारला. पण त्याचं काम मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात होतं. तळहाताएवढे नाना म्हणजे बहुधा कुणीतरी नंतर केलेली नक्कल. तीही जुनी असू शकते, म्हणून फेकू नका. फक्त "अस्सल" हा शब्द जपून वापरा.

चौकट वाचायला शिका

मला चित्रापेक्षा चौकट जास्त बोलते, धंद्याचा परिणाम असेल. अठराव्या शतकातल्या इंग्रजी चित्रांना सोन्याचं किंवा सोन्याचा मुलामा दिलेलं लॉकेट, वर फुगीर काच आणि मागच्या काचेखाली केसांची वेणी किंवा आद्याक्षरं असत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काळी, आयताकृती, लाकडी वाटणारी पण कागदाच्या लगद्याची चौकट आली. तिच्यात पितळी अंडाकृती कडं आणि वर ओकच्या फळा-पानांचा पितळी हुक. असा हुक मूळचा असेल तर काळ साधारण ठरतो. बिजागरी आणि आकडा असलेली लाल कातड्याची पेटी प्रवासासाठी असे.

पियानोच्या पट्ट्यांवरचं हस्तिदंत कापून केलेली पिवळट-पांढरी चौकट दिसली तर भुवई उंचावा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला युरोपात "फ्रेंच राणी", "नेपोलियन" अशी शोभेची चित्रं अशा चौकटींत घालून विकली. मागे जुन्या दस्तऐवजाचा तुकडा चिकटवलेला असतो, वय वाढवायला. तसंच समोर ठळक अक्षरांत "कॉसवे" अशी सही असेल तर संशय घ्या. रिचर्ड कॉसवे हा नामांकित इंग्रज लघुचित्रकार त्याच्या बहराच्या काळात मागच्या कार्डावर लॅटिनमध्ये सही करत असे.

आपल्या मुंबईची खूण म्हणजे सदेली काम: हस्तिदंत, कथिल आणि रंगीत लाकूड यांच्या काड्या एकत्र बांधून, आडव्या कापून त्यांच्या चकत्यांची नक्षी चंदनी किंवा शिसवी लाकडावर बसवलेली. पेट्यांवर जास्त, पण चौकटींवरही दिसते. त्या बारीक चकत्या ओलीने सुटतात. सुटलेले तुकडे कागदी पाकिटात घालून चौकटीसोबत ठेवा, स्वतः चिकटवू नका.

सोनेरी लाकडी चौकट असेल तर तो वर्ख आहे की सोनेरी रंग, हे एखाद्या आतल्या कोपऱ्यात पाहा. रंग काळाबरोबर तपकिरी-हिरवट होतो. वर्ख तसाच राहतो, पण खाली खडूचा थर असल्याने ओल्या फडक्याने निघून येतो. खिळ्यांच्या टोप्या, काचेतले बुडबुडे, पाठीच्या कागदाचा रंग हेही टिपून ठेवा. चौकट नवी आणि चित्र जुनं, किंवा उलट, अशी जोडी नेहमीचीच. त्याने चित्र खोटं ठरत नाही, पण विकणाऱ्याच्या गोष्टीतला एक दुवा तुटतो.

कायदा, विकायचा विचार करण्याआधी

इथे लोक कंटाळतात, आणि इथेच अडकतात. १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू त्यात पुरावशेष ठरते, हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची. कागद, लाकूड, कापड, कातडं अशा सगळ्या माध्यमांतली चित्रं नोंदणीच्या यादीत आहेत, लघुचित्रं धरून. नोंदणी अधिकाऱ्याकडे फोटोंसह अर्ज करावा लागतो. नोंदणी केल्याने मालकी तुमचीच राहते. देशात विकता किंवा देता येतं, पण हस्तांतराची माहिती अधिकाऱ्याला कळवावी लागते, आणि असा व्यापार करणाऱ्या दुकानदाराकडे परवाना हवा. देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलीला लग्नात आजीचं चित्र द्यायचं ठरवलं असेल तर बेत बदला. वस्तू शंभर वर्षांची नाही, नवी नक्कल आहे, अशी खात्री असली तरी विमानतळावर अडचण नको म्हणून पुरातत्त्व सर्वेक्षणाचा तसा दाखला आधी घेतलेला बरा.

हस्तिदंताचा कायदा वेगळा आणि जास्त कडक. १९७२ च्याच वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे, वस्तू कितीही जुनी असो. घरात वारशाने आलेलं असेल तर मालकीचा दाखला आहे का ते कागदपत्रांत शोधा. वारसाने मिळाल्यावर नव्वद दिवसांत वन खात्याकडे जाहीर करावं लागतं. दाखलाच नसेल तर ठाण्याच्या वन विभाग कार्यालयात जाण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या, पण चित्र गुपचूप विकण्याच्या फंदात पडू नका. परदेशी लिलावांच्या साइटवर अशी चित्रं सर्रास दिसतात, कारण ब्रिटनच्या २०१८ च्या हस्तिदंत कायद्यात १९१८ पूर्वीच्या, ३२० चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या लघुव्यक्तिचित्रांना सवलत आहे. ती सवलत तिथली. आपल्याला लागू नाही. माझं सरळ मत: वारशाने आलेलं हस्तिदंत सांभाळा, पण विकत कधीच घेऊ नका.

उघडायचं की नाही?

हस्तिदंत, अभ्रक, काचचित्र किंवा लॉकेट असेल तर घरी उघडायचं नाही, माझ्यासारख्या फ्रेमवाल्याकडेही नाही. जुन्या हस्तिदंती चित्रात काच आणि चित्र यांच्या कडा जनावराच्या आतड्याच्या पातळ पापुद्र्याने सील केलेल्या असतात. तो फाटला की आतला छोटासा बंदिस्त अवकाश फुटतो. हस्तिदंत दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं. मागे कार्डाला घट्ट चिकटवलेलं असेल तर त्याला हलायला जागा नसते, आणि मग उभी चीर जाते.

तरी एक प्रसंग असा की उशीर चालत नाही. आतल्या बाजूने काच धुरकट दिसते, भिंगाखाली तिच्यावर घामासारखे थेंब किंवा कडेला पांढरे कण दिसतात. ही काचेची व्याधी आहे. जुन्या काचेतला अल्कली दमट हवेने बाहेर येतो, त्याचे थेंब चित्रावर पडतात आणि रंग उचलतात. काकू ज्याला "काच खराब झालीय" म्हणतात ते कधीकधी हेच असतं, आणि तेव्हा काच खरंच बदलावी लागते. पण संवर्धकाच्या, म्हणजे जुन्या कलावस्तू जपणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाच्या हातून. नवी काच फुगीरच हवी, सपाट काच चित्राला टेकली तर पावसाळ्यात रंग तिला चिकटतो. जुनी काच नाव-तारीख लिहून वेगळी जपायची.

कागदी लघुचित्र आणि मागे प्लायवूड, खिळे, तपकिरी टेप, म्हणजे अलीकडची फ्रेम असेल तर ती उघडणं उलट गरजेचं असतं, कारण प्लायवूड आणि स्वस्त माउंटमधलं (चित्राभोवतीच्या जाड कार्डातलं) आम्ल कागद जाळत असतं. माउंटच्या कापलेल्या कडेलगत चित्रावर तपकिरी रेघ उमटली असेल तर तीच त्याची खूण. आधी समोरून नीट पाहा: कुठे रंग काचेला चिकटून ओलसर, गडद डाग दिसतोय का? दिसला तर थांबा, पुढचं संवर्धकाचं काम. नसेल तर फ्रेम टॉवेलवर पालथी ठेवा, पाठीचा फोटो घ्या, टेप कडेने ब्लेडने कापा. खिळे पकडीने सरळ ओढून काढा, पटाशीने उचकटू नका, दणका चित्राला बसतो. पाठ उचला, आणि चित्र माउंटसह एकत्रच बाहेर घ्या. ते माउंटला कसं जोडलंय ते पाहा. पाण्यात विरघळणाऱ्या खळीने लावलेल्या दोन बिजागऱ्या, म्हणजे छोट्या कागदी पट्ट्या, असतील तर ठीक. पूर्ण पाठ फेव्हिकॉलने चिकटवलेली असेल किंवा सेलोटेप असेल तर ओढू नका. तसंच आम्लविरहित कागदाच्या फोल्डरमध्ये सपाट ठेवा.

नवी फ्रेम करून घेताना फ्रेमवाल्याला काय सांगायचं

आमच्या धंद्याची गुपितं फोडतोय, पण सांगतो. माउंट शंभर टक्के कॉटनचा मागा. "अॅसिड फ्री" एवढ्यावर समाधान मानू नका. चित्राची कड कापू देऊ नका, हाशिया हा चित्राचाच भाग आहे, फ्रेमच्या मापासाठी त्याला कात्री लावणारा माणूस बदला. चित्र फक्त वरच्या कडेला, जपानी टिश्यूच्या (पातळ पण चिवट कागदाच्या) दोन बिजागऱ्यांनी, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावायचं. इकडच्या जुन्या दुकानांत मैद्याच्या खळीत किडे लागू नयेत म्हणून मोरचूद घालतात. त्यातलं तांबं कागदाला पोखरतं, म्हणून ती खळ नकोच. काच आणि चित्र यांत अंतर राहील असा माउंट किंवा पट्टी हवी. यूव्ही रोखणारी काच परवडली तर घ्या. अॅक्रिलिक मात्र रंग सुटत असलेल्या चित्रावर नको, स्थिर विजेने ते पापुद्रे उचलतं. पाठीला आम्लविरहित बोर्ड, कडा सील केलेल्या, आणि खालच्या दोन कोपऱ्यांना बुच किंवा रबराचे ठोकळे, म्हणजे फ्रेम भिंतीपासून सुटी राहते आणि मागे हवा खेळते.

जुनी चौकट फेकायची नाही, तिच्यात नवं चित्र बसवायचंही नाही.

पावसाळा

ठाण्याला एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचे डोंगर. वाशी, नेरूळ, पाम बीचकडे तर खाडी खिडकीतच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरातली सापेक्ष आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर सहज जाते, आणि साधारण पासष्ट-सत्तरच्या वर बुरशीला मोकळं रान मिळतं. रंगातला डिंक तिचं खाद्य आहे. या चित्रांना पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के, आणि मुख्य म्हणजे स्थिर, हवा मानवते. रात्री एसी, दिवसा बंद, असा झोका त्यांना सततच्या थोड्या ओलीपेक्षाही वाईट.

म्हणून पावसाळ्यात भिंतीवर ठेवू नका. आधी एक डिजिटल हायग्रोमीटर घ्या आणि त्याची परीक्षा करा: बाटलीच्या झाकणात साधं मीठ घेऊन थोड्या पाण्याने चिखलासारखं करा, झाकण आणि मीटर एका घट्ट डब्यात दिवसभर ठेवा. मीटरने पंचाहत्तर दाखवायला हवं. जेवढं कमी-जास्त दाखवेल तेवढं पुढे मनात वजा-मिळवणी करा.

मग पॉलिप्रॉपिलीनचा, आतलं दिसेल असा, रबरी कडेचा घट्ट डबा घ्या. डबा भरण्याचा दिवस महत्त्वाचा: डिसेंबर-जानेवारीतली अशी दुपार निवडा, जेव्हा मीटर पन्नासच्या आसपास आहे. सिलिका जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास सुकवून लगेच डब्यात टाकण्याचा मोह होतो. तसं केलं तर ते सगळी ओल शोषून हस्तिदंत तडकवतं. सुकवलेलं जेल आधी त्या हवेत ताटात काही दिवस पसरून ठेवा, म्हणजे ते पन्नासच्या आसपास स्थिरावतं आणि नंतर डब्यातली हवा तिथेच धरून ठेवतं. नारिंगी रंगाचं जेल घ्या, निळ्यात विषारी कोबाल्ट असतो. चित्र आम्लविरहित टिश्यूत, जेलच्या पुड्या चित्राला न टेकता, मीटर आत, डबा बंद. महिन्यातून एकदा आकडा पाहा, डबा उघडू नका. साठच्या वर चढायला लागला तर पुड्या बदला.

डांबरगोळ्या आणि कापूर या डब्यात नको, त्यांची वाफ पृष्ठभागावर बसते. फेल्ट, लोकरीचं कापड आणि रबरबँड चांदी काळी करतात. कसर आणि झुरळांसाठी डब्याची घट्ट कडच पुरते. डब्याची जागा घराच्या आतल्या भिंतीलगत, जमिनीपासून उंच ठेवा. बाथरूमच्या किंवा पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला लागून नको, आणि वाळवीचा इतिहास असलेलं लाकडी कपाटही नको.

दिवाळीनंतर पुन्हा लावायचं असेल तर पॅसेजमध्ये लावा, बाल्कनीसमोर नाही. पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड नको, फोनवरचं अॅप अंदाजाला पुरतं. चेहऱ्यातला गुलाबी रंग आधी उडतो. तो उडाला की माणूस आजारी, निळसर दिसू लागतो आणि तो रंग परत येत नाही.

विकत घेत असाल तर

मुंबईच्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर, प्रदर्शनांत, ऑनलाइन, सगळीकडे "मोगल मिनिएचर" मिळतं. जुन्या उर्दू-फारसी वह्यांच्या किंवा स्टॅम्पपेपरच्या पानांवर आज रंगवलेली चित्रं त्यांत भरपूर. कागद जुना, रंग कालचा. भिंगाखाली पाहा: रंग जुन्या घडीच्या चिरेत उतरलाय का? मूळ चित्रावर नंतर घडी पडली असेल तर रंग घडीवर तडकतो. आधीच घडी पडलेल्या कागदावर रंगवलं तर तो चिरेत भरतो. अक्षरांवरून रंग गेलाय की अक्षरं रंगावर आहेत, तेही बघा. आवडलं तर आजच्या कारागिराचं काम म्हणून, त्याच्या कष्टाची रास्त किंमत देऊन जरूर घ्या, मी स्वतः घेतो. पण "दोनशे वर्षं जुनं" असं सांगत असतील तर बिलावर तसं लिहून मागा आणि नोंदणीचा दाखला दाखवायला सांगा. बहुतेकदा वय तिथल्या तिथे उतरतं.

संवर्धकाकडे जाताना

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे. चौकशीची सुरुवात तिथून करता येते. त्याच फेरीत तिथलं लघुचित्रांचं दालनही पाहून घ्या, अस्सल काम डोळ्यांत बसलं की निम्मी परीक्षा सोपी होते. कुणाकडेही गेलात तरी आधी विचारा: काम करण्याआधीचे आणि नंतरचे फोटो व लेखी अहवाल मिळेल का? वापरलेला प्रत्येक पदार्थ पुढे काढता येण्याजोगा आहे का? उडालेला रंग "भरणार" असाल तर किती आणि कुठे? जुनी काच, खिळे, पाठीचा कागद परत मिळेल का? हस्तिदंत असेल तर मालकीच्या दाखल्याची प्रत सोबत ठेवा. चित्र नेताना ते सपाट, चेहरा वर, घट्ट डब्यात आणि डबा मांडीवर घ्या. लोकलच्या रॅकवर किंवा रिक्षाच्या मागच्या फळीवर नको. आणि शक्य असेल तर पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरनंतरच जा.